चॉकलेट क्रीम पाई कापली की वाहते: तपासायचं कुठून

ओव्हन न लावता केलेल्या चॉकलेट क्रीम पाईबद्दलची तक्रार बहुतेक एकच असते. रात्री फ्रिजमध्ये ठेवताना सगळं झकास दिसतं आणि सकाळी सुरी फिरवली की तुकडा ताटलीत येईपर्यंत त्याची खीर झालेली असते. मग कुणी चॉकलेटला नावं ठेवतं, कुणी रेसिपीला. पण ओव्हन नाही म्हटल्यावर पाई घट्ट करायला दोनच गोष्टी उरतात: गॅसवर नीट शिजलेलं कॉर्नफ्लोअर आणि फ्रिजचा थंडावा. यातलं एक कमी पडलं की कितीही महागाचं चॉकलेट घाला, ते वाहणारच. (‘पाय’ लिहिलं तर कोल्हापुरात लोक रस्सा शोधतील, म्हणून इथे ‘पाई’च.)

पुढची सगळी तपासणी या मापाला धरून आहे. तळ सुटा होणारा ८ इंची टिन. तळासाठी २०० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटं आणि ९० ग्रॅम वितळवलेलं बटर. मारी घेतलीत तर बटर ११० ग्रॅम. सारणाला ५०० मिली दूध, ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, २० ग्रॅम कोको पावडर, ८० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, २० ग्रॅम बटर, चिमूटभर मीठ, चमचाभर व्हॅनिला. वर २०० मिली व्हिपिंग क्रीम. अंडं नाही, जिलेटिन नाही. तुमचं माप वेगळं असेल तर दुधाशी कॉर्नफ्लोअरचं प्रमाण ताडून बघा. १०० मिलीला ८ ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक मापाचा मोठा चमचा.

आधी लक्षण ओळखा

सगळ्याच पाई एका कारणाने बिघडत नाहीत. कापायच्या आधी टिन हलकेच हलवा आणि बघा.

- कडेपासून मध्यापर्यंत सारखंच पातळ: शिजवण्यात किंवा मापात चूक.
- कडा घट्ट, मध्य डचमळतो: वेळ कमी पडला किंवा फ्रिज कमी पडला.
- झोपताना घट्ट होती, सकाळी सैल: चाखायचा चमचा किंवा अंड्याचा बलक. हे खाली सविस्तर आहे.
- तुकडा उभा राहतो, पण ताटलीत पाणी साचतं: फ्रीझर, वाफ किंवा वरची क्रीम.
- सारण रवाळ, वर तेलकट तवंग: चॉकलेट फुटलं.
- तळ भुगा होतो, ओला पडतो किंवा सुरीला दाद देत नाही: बिस्किट आणि बटर यांचं गणित.

घड्याळ आणि फ्रीझर

फुकटातली तपासणी पहिली. पाई फ्रिजमध्ये किती तास होती? सारणाचा मध्य थंड व्हायला ६ तास लागतात, रात्रभर ठेवली तर उत्तम. दुपारी चारला करून रात्री आठच्या वाढदिवसाला कापायला काढली तर मध्य डचमळणारच, त्यात बिघाड काही नाही. परत आत ठेवा.

मात्र घाईत फ्रीझरमध्ये टाकू नका. सुरुवातीची २०–२५ मिनिटं चालतात, त्यापुढे नाही. कॉर्नफ्लोअरने धरून ठेवलेलं पाणी गोठलं की त्याची जाळी फाटते आणि पाई परत मऊ होताना ते पाणी बाहेर येतं. तुकडा स्पंजासारखा दिसतो आणि खाली तळं साचतं. हे पाणी परत आत जात नाही.

वाफेचंही असंच. गरम सारणावर झाकण ठेवलंत तर झाकणाखालचे थेंब पाईवर पडतात. प्लॅस्टिकचा पातळ कागद सारणाला थेट चिकटवून लावा. साय धरत नाही आणि थेंबही पडत नाहीत. पंख्याखाली अर्धा तास कोमट होऊ द्या, मग फ्रिजमध्ये ठेवा.

डब्यावरचं नाव आणि चमच्याचं माप

घरात पांढरी पिठं तीन-चार असतात आणि डब्यांवरची नावं पुसलेली. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा पांढराशुभ्र स्टार्च, बोटात चोळला की करकर वाजतो. भाकरीचं मक्याचं पिवळसर पीठ ते नव्हे. त्याने सारण रवाळ होतं आणि पुरेसं घट्ट होत नाही. कस्टर्ड पावडर चालते, कारण ती बहुतांशी कॉर्नफ्लोअरच असते, पण तिचा रंग आणि व्हॅनिलाचा वास सोबत येतो.

‘पाच चमचे’ या मापावर भरवसा नको. पोह्याचा चमचा आणि मापाचा मोठा चमचा यांत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा एकदा घेतला की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सारण उकळलं होतं का?

वाहणाऱ्या पाया, माफ करा, वाहणाऱ्या पाई बहुतेक इथे अडकलेल्या असतात, म्हणून इथे जरा थांबू.

कॉर्नफ्लोअर ६५–७० अंशांच्या आसपास फुगायला लागतं. दूध अजून उकळलेलं नसतं, तरी रवी जड लागते, सारण चमच्याला धरतं. ‘झालं घट्ट’ म्हणून गॅस बंद होतो. पण तेव्हा स्टार्चचे दाणे अर्धवटच फुगलेले असतात. पूर्ण जोर धरायला मिश्रणाला उकळी यायला हवी, ९५ अंशांच्या पुढे जायला हवं. अर्धकच्चं सारण गरम असताना दाट दिसतं आणि थंड झाल्यावर हवं तसं धरत नाही.

थर्मामीटर नसेल तर डोळ्यांनी ओळखता येतं. रवी फिरवणं थांबवा आणि तीन-चार सेकंद पातेल्याकडे बघा. कडेला बारीक फेस असेल तर अजून वेळ आहे. मधोमध मोठा, जड बुडबुडा वर येऊन पिठल्यासारखा ‘फट्’ करून फुटला की ती खरी उकळी. तिथून आच मंद करून दोन मिनिटं, तळ खरवडत, सतत हलवत शिजवायचं. रवीच्या रेघा दोन-तीन सेकंद टिकायला हव्यात. मग गॅस बंद करून चॉकलेट घालायचं.

सेट न झालेलं सारण जिभेवर पिठूळ लागत असेल तर ते कच्चं आहे आणि वाचवता येतं. तळापासून चमच्याने वेगळं करा, परत पातेल्यात घालून मंद आचेवर खऱ्या उकळीपर्यंत न्या. चॉकलेट आत गेलेलं असल्याने तळाला लागायची भीती जास्त, म्हणून जाड बुडाचं पातेलं घ्या आणि हात थांबवू नका. पिठूळ लागत नाही, गुळगुळीत आहे, तरी पातळ आहे? मग स्टार्च कमी पडला किंवा फार वेळ जोरात घोटल्याने मोडला. १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर तीन मोठे चमचे थंड दुधात कालवून त्यात घाला आणि पुन्हा उकळी आणा.

हा उपाय एकदाच. दुसऱ्यांदा शिजवूनही धरलं नाही तर थांबा. सारण छोट्या ग्लासांत ओता, वर बिस्किटाचा चुरा भुरभुरवा आणि पुडिंग म्हणून वाढा. कुणाला कळणारही नाही.

थंड झालेलं सारण इलेक्ट्रिक बीटरने ‘गुळगुळीत’ करायचा मोहही टाळा. धरलेली जाळी बीटरने तुटते ती परत जुळत नाही. गुठळ्या असतील तर गरम असतानाच गाळणीतून काढा.

चाखायचा चमचा

रात्री घट्ट, सकाळी सैल, असं झालं तर आधी हे आठवा: सारण चाखून तोच चमचा परत पातेल्यात गेला होता का? आपल्या लाळेत स्टार्च तोडणारं अमायलेज असतं. थोडंसं पुरतं, ते रात्रभर काम करत राहतं. पोरांनी बोट घालून चाटलं असेल तरी तेच. चाखायचं तर वाटीत काढून चाखा.

अंड्याच्या पिवळ्या बलकातही हेच अमायलेज असतं. ‘बलक फाटेल’ या भीतीने सारण उकळीच्या आधीच उतरवलं तर ते जिवंत राहतं आणि दुसऱ्या दिवशी पाई पातळ होते. कॉर्नफ्लोअर असलेलं सारण उकळलं तरी बलक सहसा फाटत नाही, स्टार्च त्याला सांभाळून घेतो. तेव्हा बलक घालत असाल तरी तोच मोठा बुडबुडा, तीच दोन मिनिटं.

दूध, साखर आणि गूळ

म्हशीचं दूध या पाईला फार छान. गंगावेशीच्या कट्ट्यावरून आणलेलं असो की पिशवीचं फुल क्रीम, स्निग्धांश ६ टक्क्यांच्या आसपास असला की सारणाला मऊपणा येतो. गायीच्या दुधानेही पाई घट्ट होते, कारण पाणी धरतो तो स्टार्च. फक्त चव हलकी लागते. कच्चं दूध असेल तर आधी उकळून गार करून घ्या. उन्हाळ्यात सकाळचं दूध दुपारी वापरताना दोन चमचे वेगळे उकळून बघा. तेवढ्यात फाटलं तर १५० ग्रॅम चॉकलेट वाचलं.

साखरेऐवजी गूळ घालायचा मोह कोल्हापुरात होणारच. पण उकळत्या दुधात गूळ गेला की दूध फाटू शकतं, आणि नाही फाटलं तरी गूळ ओल धरतो, सारण मऊच राहतं. गुळाची चव हवीच असेल तर बारीक चिरलेला दोन चमचे गूळ तळाच्या बिस्किटांत मिसळा. तिथे तो बिस्किटं धरून ठेवायला मदतच करतो.

संत्र्याचा रस, स्ट्रॉबेरीचा गर असलं आंबट काही सारणात शिजवू नका. आंबटाने स्टार्चचा जोर कमी होतो. वरून घाला.

चॉकलेट

पाकिटामागे घटक वाचा. कोको बटर असेल तर खरं चॉकलेट, वनस्पती स्निग्ध पदार्थ लिहिले असतील तर कंपाउंड. पाई दोन्हींची होते. उन्हाळ्यात कंपाउंड उलट बरं उभं राहतं, चवीला मात्र मागे पडतं. मिल्क चॉकलेटमध्ये कोको कमी आणि साखर जास्त, त्यामुळे त्याचं सारण सैल होतं. तेच वापरायचं तर १५० ऐवजी २०० ग्रॅम घ्या आणि साखर ४० ग्रॅमवर आणा.

चॉकलेट वेगळं वितळवताना वाफेचा एखादा थेंब पडला की त्याचा घट्ट, कोरडा गोळा होतो. तो फेकू नका. गरम दूध एकेक चमचा घालत घोटलं की सुटतो आणि सारणात चालतो. खरं तर वेगळं वितळवायची गरजच नाही. बारीक चिरून, गॅस बंद केल्यावर गरम सारणात टाका, मिनिटभर तसंच ठेवा, मग मधून बाहेर ढवळा. आचेवर ठेवूनच ढवळत राहिलं की तवंग सुटतो. सुटला तर दोन चमचे कोमट दूध घालून मधोमध जोरात घोटा, बहुतेकदा परत जुळतं.

वरची क्रीम

क्रीम फुलत नाही ही वेगळी तक्रार वाटते, पण निम्मं पाणी तिच्यामुळेच साचतं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी टेट्रापॅकमधली फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के स्निग्धांशाची असते. ती फेटून उभी राहत नाही, कितीही फेटा. निदान ३० टक्के लागतात, ३५ असेल तर सोपं जातं. पॅकवर आकडा छापलेला असतो, तो वाचा. घरच्या सायीत स्निग्धांश भरपूर, पण फेटता फेटता लोणी कधी होतं ते कळत नाही.

एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३५ अंशांवर असतं, तेव्हा क्रीम, भांडं आणि बीटरच्या काड्या तिन्ही थंड हव्यात. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवूनच फेटा. वनस्पती स्निग्धांशाची व्हिपिंग क्रीम गोठलेली मिळते. ती लक्ष्मीपुरीतून कळंब्याला भर दुपारी गाडीच्या डिकीतून आली तर अर्धी विरघळते, मग घरी पुन्हा गोठते, आणि दोनदा गोठलेली क्रीम नीट फुलत नाही. थर्मासच्या पिशवीत बर्फ घालून आणा. वापरायच्या आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून सावकाश सैल होऊ द्या. आत बर्फाचे खडे असताना फेटली तर पाणी सुटतं. तिच्यात साखर आधीच असते, वरून घालू नका.

दुधाच्या क्रीमला २०० मिलीला एक मोठा चमचा दूध पावडर आणि दोन चमचे पिठीसाखर घातली की ती जास्त वेळ उभी राहते. तरीही ज्या दिवशी खायची त्याच दिवशी लावा.

तळ

पावसाळ्यात पुडा फोडून ठेवलेली बिस्किटं सादळतात आणि तळ ओलसर होतो. चुरा करायच्या आधी कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतून पूर्ण गार करा. भुगा पडत असेल तर चुरा जाड राहिला किंवा बटर कमी. मुठीत दाबल्यावर लाडवासारखा धरला पाहिजे. दगड झाला तर बटर जास्त किंवा वाटीच्या बुडाने फारच ठोकून बसवलंत. तूप वापरायचं तर १० ग्रॅम कमी घ्या, त्यात बटरसारखं पाणी नसतं. सारण ओतण्यापूर्वी तळावर ३० ग्रॅम वितळलेलं चॉकलेट फासलं की ओल खाली उतरत नाही.

चायना ग्रास टाकू का?

टाकता येतं. अर्धा लिटरला चायना ग्रासच्या, म्हणजे अगर-अगरच्या, पावडरीचा एक सपाट छोटा चमचा, १०० मिली पाण्यात दोन मिनिटं उकळून, गरम सारणातच मिसळायचा. थंडात घातला तर लगेच गोठून दोरे होतात. पण पाई मग जेलीसारखी तुटते, जिभेवर विरघळत नाही. लग्नाच्या टेबलावर तासभर उभी राहायची असेल तरच. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, पाहुण्यांत शाकाहारी असतील तर आधी विचार करा.

फ्रिज

वरचं सगळं बरोबर आणि तरी मध्य डचमळतो, दूधही लवकर नासतं, तर शंका फ्रिजवर. पेलाभर पाणी मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा. ४–५ अंश यायला हवेत. थर्मामीटर नसेल तर त्याच कप्प्यातलं बटर दाबा. अंगठा सहज रुतला तर गारवा कमी आहे.

मग क्रमाने बघा. आदल्या रात्री पांढऱ्या रश्श्याचं गरम पातेलं आत गेलं होतं का? एक मोठं गरम भांडं सगळा फ्रिज काही तास तापवतं. (आणि उघड्या पाईला कांदा-लसणाचा वास लागतो तो वेगळाच. क्रीम आणि चॉकलेट वास फार पटकन ओढतात.) पाई मागच्या भिंतीला न चिकटवता मधल्या कप्प्यात, आजूबाजूला हवा फिरेल अशी ठेवा. उन्हाळ्यात थर्मोस्टॅटची खुंटी एक-दोन आकडे पुढे न्या. दारात दहाची नोट अडकवून दार लावा. नोट सहज निसटली तर रबर सैल आहे. कोमट साबणपाण्याने पुसा, बऱ्याचदा चिकट मळच आड येतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घ्या, प्लग काढून मागच्या जाळीवरची धूळ ब्रशने झाडा. फ्रीझरमध्ये बोटभर बर्फ चढला असेल तर बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडू नका; आतली नळी फुटली की गॅस जातो आणि बऱ्याच नव्या फ्रिजमधला आर-६००ए गॅस ज्वलनशील असतो.

इथपर्यंत केलं, चोवीस तास थांबलात आणि पेल्यातलं पाणी अजून ८ अंशांच्या वरच, तर हात आखडता घ्या आणि मेकॅनिकला बोलवा. कॉम्प्रेसर सतत चालू राहतो पण गार होत नाही, किंवा ‘टक्’ आवाज करून लगेच बंद पडतो, तेव्हाही तसंच. थर्मोस्टॅट, रिले, गॅस भरणं हे घरी करायचं काम नव्हे. फ्रिजच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करून मगच प्लग काढा आणि आधी इलेक्ट्रिशियनला अर्थिंग बघायला सांगा.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्यापुढे, किंवा पाई टेबलावर दोन तासांहून जास्त राहिली तर ती फेकायचीच. कोल्हापूरच्या मे महिन्यात, हवा ३२ अंशांच्या वर असताना, हा हिशेब एका तासाचा. आंबूस वास, बुडबुडे, तार सुटणं यांतलं काहीही दिसलं तर चाखूनही बघू नका. चांगली राहिलेली पाईसुद्धा तीन दिवसांत संपवा.

आणि पन्नास माणसांच्या बारशाला आठ पाई करायचं मनात असेल तर घरच्या एका फ्रिजच्या जिवावर उडी घेऊ नका. आठ कोमट टिन एकदम आत गेले की चांगला फ्रिजही सकाळपर्यंत ५ अंशांवर येत नाही. दोन-दोन करत चार दिवस आधीपासून करावं तर पहिल्या दोन शिळ्या होतात. ज्याच्याकडे मोठा चिलर आहे अशा बेकरीवाल्याला ऑर्डर द्या, किंवा सारण ग्लासांत भरा. छोटा ग्लास दोन तासांत गार होतो.